हिवाळी पाहुणे आणि जुने रान



व्याख्यानमाला वसंतात भरते आणि आमचा विषय आहे हिवाळ्यातला. लग्न आटोपून वऱ्हाड परतल्यावर पाहुण्यांचे गुणवर्णन करावे, तसा हा प्रकार आहे. ज्या पाखरांविषयी आज बोलायचे त्यांतली बहुतेक या घटकेला इथे नाहीत. मार्च-एप्रिलात त्यांनी आपापला रस्ता धरला. कोणी हिमालयाच्या उतारावर पोचले असेल, कोणी मध्य आशियाच्या वाटेवर असेल. पण पाहुणा घरात असताना त्याच्याविषयी नीट बोलता येत नाही, त्याची सरबराई करण्यातच वेळ जातो. तो गेल्यावर मात्र दोन प्रश्न सुचतात. तो आपल्याकडे का आला होता? आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईल, अशी आपली घरची व्यवस्था आहे का? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

आम्ही म्हणजे कोणी शास्त्रज्ञ नव्हे. खुलताबादच्या आसपास राहणारी, नोकरीधंदा करणारी आम्ही चार-सहा मंडळी. दिवाळी आटोपली, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की सुटीच्या दिवशी आम्ही डोंगराची वाट धरतो. कोणाच्या गळ्यात दुर्बीण असते, कोणाच्या खिशात वही, आणि निदान एकाच्या पिशवीत तरी भाकरी-पिठले असतेच. एवढीच आमची सामग्री.

आमचे हे गाव दगडांसाठी प्रसिद्ध आहे. याला पूर्वी रौझा म्हणत. मलिक अंबर इथे चिरनिद्रा घेत आहे, सूफी संतांचे दर्गे इथे आहेत, भद्रा मारुतीच्या दर्शनाला दूरदूरचे लोक इथे पायी येतात. खाली देवगिरीचा किल्ला, पलीकडे वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर. जगाच्या पाठीवरून माणसे हे पाहण्यासाठी येतात. पण त्यांच्याबरोबर आणखी एक प्रवासी दरसाल इथे येतो. त्याला ना तिकीट लागते ना वाटाड्या, आणि त्याच्या नावाची नोंद कोणत्याच धर्मशाळेच्या वहीत होत नाही. त्याचे नाव थिरथिरा.

पुष्कळांनी तो पाहिला असेल, पण नाव ठाऊक नसेल. चिमणीएवढा पक्षी, छाती-पाठ काळसर, पोट आणि शेपटी विटकरी तांबूस. पडक्या भिंतीवर किंवा घुमटाच्या कडेला बसतो, झुकून मुजरा केल्यासारखे करतो आणि शेपटी सारखी थरथरवतो. त्यावरूनच त्याला कृष्ण थिरथिरा हे नाव मिळाले. हिमालय आणि त्यापलीकडच्या उंच पठारांत उन्हाळ्यात तो घरटे करतो आणि थंडी पडू लागली की दक्षिणेला उतरतो. त्याचे वजन सुमारे पंधरा ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने सव्वा तोळा. सव्वा तोळ्याचा हा जीव शेकडो कोसांचे अंतर कापून येतो आणि आपल्या गावच्या पडक्या भिंतीवर बसून किडे टिपतो. वेरूळचे कैलास लेणे पाहून आपण तोंडात बोट घालतो, ते योग्यच आहे. पण ज्या घुमटाखालून आपण रोज जातो त्याच्या माथ्यावरचे हे आश्चर्य मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही.

पक्षी असे का येतात, याचे उत्तर साधे आहे. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ पडते. जमीन गोठते, किडे मरतात वा दडून बसतात आणि दिवस आखूड होतो. अन्न कमी आणि ते शोधायला वेळही कमी, अशी दुहेरी अडचण होते. दख्खनच्या पठारावर याच दिवसांत पावसाळ्यात वाढलेले गवत बीजावर आलेले असते, शेतांत रब्बीची पिके डोलत असतात, तळी भरलेली असतात. म्हणजे हे पाहुणे थंडीपेक्षा उपासमारीला भिऊन येतात. आणि मे-जूनमध्ये उत्तरेकडचा दिवस लांबतो, किडे मुबलक होतात, तेव्हा पिल्ले वाढवण्यासाठी ते परत जातात. पायांत वाळी घालून केलेल्या अभ्यासातून असे दिसले आहे की यांतले पुष्कळ पक्षी दरसाल त्याच मुक्कामाला परततात. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही 1883 साली स्थापन झालेली संस्था. तिने 1960 च्या दशकात हे वाळी घालण्याचे काम देशभर मोठ्या प्रमाणावर केले.

आपल्या या भागाच्या पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी त्याहीपूर्वी झाली होती. 1948 पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सालिम अली यांनी 1931-32 मध्ये केली आणि तिचा वृत्तांत त्याच सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाला. पुढे 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले आणि या देशातल्या सामान्य वाचकाला पाखरांची ओळख करून घेण्याचे साधन मिळाले. मराठीपुरते बोलायचे तर मारुती चितमपल्ली यांचे ऋण मोठे. वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडून त्यांनी आदिवासी, पारधी, गुराखी यांच्या तोंडची पाखरांची नावे गोळा केली आणि त्यांना ग्रंथात जागा दिली. 2025 साली ते आपल्यातून गेले. आज आम्ही आपल्यापुढे जी मराठी नावे घेत आहोत ती आपल्याला पुस्तकांत सापडतात, यामागे अशा माणसांचे श्रम आहेत.

आता गाव सोडून डोंगर चढू या. पहिला टप्पा शूलिभंजनचा. जनार्दनस्वामी आणि एकनाथमहाराज यांच्या तपश्चर्येशी या टेकडीचे नाव जोडलेले आहे. तिथून पुढे म्हैसमाळचे पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंच. पावसाळ्यात इथे धुके पाहायला गर्दी लोटते आणि हिवाळ्यात ती ओसरते. आमच्या दृष्टीने खरी बहार त्यानंतरच सुरू होते. गवत सोनेरी झालेले असते. त्यावरून भोवत्या नावाचा शिकारी पक्षी पंख किंचित वर उचलून, जमिनीपासून दोन पुरुष उंचीवरून संथपणे फेऱ्या घालतो. खरूची हा लहान ससाणा एकाच जागी हवेत पंख फडफडवीत टांगल्यासारखा राहतो आणि खालचा नाकतोडा किंवा उंदीर हेरून धोंड्यासारखा पडतो. चंडोल गवतातून सरळ वर चढतो आणि गात गात खाली येतो. तित्तिर आणि लावा पायाजवळून फर्रकन उडतात, आणि आपल्याच छातीत धडधडते.

सरकारी कागदात आणि आपल्या बोलण्यातही अशा माळाला पडीक म्हणतात. हा शब्द फार घातक आहे. पडीक म्हटले की तिथे काहीतरी करायला आपले हात शिवशिवू लागतात. वास्तविक ते गवत कोणाचे तरी घर आहे. भोवत्याला झाडांची गर्दी नको असते, त्याला उघडे माळच हवे असते. माळढोकाची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झाले, पण भोवतालचे माळ नाहीसे होत गेले आणि त्यांच्याबरोबर तो पक्षीही महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला.

डोंगर उतरताना शेते लागतात आणि तिथे भोरड्यांची गाठ पडते. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. कोणी तिला पळसमैना म्हणतात. पळस फुलला की त्यावर यांची झुंबड उडते. या भोरड्या मध्य आशियातून येतात आणि थव्याने ज्वारीवर उतरतात. आमच्या लहानपणी शेतात माळा बांधून, गोफण फिरवीत राखण करणे हे पोरासोरांचे कामच असे. ही राखण फार जुनी आहे. पैठणच्या हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या गाथासप्तशतीतही शेत राखणाऱ्या मुली आणि पिकावर उतरणारे पोपट भेटतात. म्हणजे शेतकरी आणि पाखरू यांचे हे भांडण दोन हजार वर्षांचे आहे, आणि या दोन हजार वर्षांत दोघेही टिकून राहिले.

कोणी म्हणेल, भोरडीचे कौतुक तुम्हांला, नुकसान मात्र शेतकऱ्याचे. म्हणणे खरे आहे. ते झटकून टाकता येणार नाही. पण हिशेब पुरा मांडावा. हीच भोरडी नाकतोडे आणि टोळ यांची मोठी शत्रू आहे. मध्य आशियातल्या तिच्या विणीच्या प्रदेशात ती टोळांवरच पिल्ले पोसते, आणि इथेही गवतातले नाकतोडे वेचताना आम्ही तिला कितीदा पाहतो. कणसातले चार दाणे जातात ते आपल्याला दिसतात. तिने खाल्लेल्या किड्यांनी जे पीक फस्त केले असते ते आपल्याला कधी दिसत नाही. जमेची बाजू डोळ्यांना न दिसणारी आहे, म्हणून खाते नेहमी तोट्याचे वाटते.

आता मुख्य मुक्कामाकडे वळू. वेरूळ मागे टाकून कन्नडच्या पुढे गेले, की सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत गौताळ्याचे रान लागते. गौताळा औट्रमघाट अभयारण्य असे त्याचे पूर्ण नाव. 1986 साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर. काही आपल्या जिल्ह्यात, काही जळगाव जिल्ह्यात. वर मराठवाड्याचे पठार, खाली खानदेश, आणि मधल्या कड्यांत व दऱ्यांत हे रान. 1825 पासून खानदेशात भिल्लांच्या पलटणीचा प्रमुख असलेल्या जेम्स औट्रमचे नाव घाटाला मिळाले, पण माणसाची इथली वस्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. खाली पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा. म्हणजे हे रान निर्मनुष्य कधीच नव्हते. इथे भिक्षू राहिले, गणिती राहिले, भिल्ल राहिले, गुराखी राहिले. रान तरीही राहिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे कोकणासारखे सदा हिरवे रान नव्हे. हे पानगळीचे, कोरड्या हवेचे रान. अंजन, धावडा, सालई, खैर, पळस, ओढ्याच्या काठाने उंबर आणि वड. अंजनाचे पान आपट्यासारखे जोडपान आणि लाकूड लोखंडासारखे जड. हिवाळा सरत येतो तशी पाने झडू लागतात, आणि पक्षी पाहणाऱ्याची सोय होते. भर पावसाळ्यात ज्याचा नुसता आवाज ऐकू येतो तो आता फांदीवर दिसू लागतो. ओढे आटून डोहांपुरते उरतात, तेव्हा डोहाजवळ नुसते स्वस्थ बसावे, रान आपण होऊन भेटीला येते. या रानात दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

एका जानेवारीतल्या सकाळचा हिशेब सांगतो. सूर्य वर येईपर्यंत काही नाही. थंडीत पाखरेही उशिराच उठतात. मग एकाएकी एका धावड्यावर गडबड उडते. तांबूस-काळा निखार, पिवळा सुभग, शेपटीचा पंखा उघडझाप करणारा नाचण, राखी वल्गुली, आणि त्यांच्याबरोबर कोतवाल. हा निरनिराळ्या जातींचा मिळून एक मेळा असतो. पुढचे पक्षी पाने हलवतात, किडे उडतात, ते मागच्यांना मिळतात. कोतवाल वरच्या फांदीवरून पहारा देतो, शिक्रा दिसला की ओरडतो, आणि त्या नोकरीचा मोबदला म्हणून उडालेले किडे आयतेच पकडतो. याच मेळ्यात एक हिरवट, बोटभर पाखरू असते, पर्णवटवट्या. त्याचे वजन आठ ग्रॅमच्या आसपास, तोळ्याहूनही कमी. ते हिमालयाकडून आलेले असते आणि संबंध हिवाळाभर एखाद्या दोन-चार झाडांच्या टापूवर हक्क सांगून राहते. दुसरा कोणी आला तर भांडून हाकलते. आपल्याला वाटते हे आपले रान. त्या आठ ग्रॅमच्या जिवाचेही तेच मत असते, आणि तो हक्क ते रोज बजावतही असते. दिवसभर ते पानामागचे किडे वेचते. या असंख्य वटवट्यांनी हिवाळाभर किती अळ्या खाल्ल्या, याचा हिशेब मांडला तर रानाची राखण नक्की कोण करते, हे कळेल.

डोहाजवळ राखी धोबी शेपटी वरखाली करीत दगडादगडांवरून धावतो. सावलीत नीलांग दिसतो, अंगावर समुद्राचा रंग घेऊन हिमालयातून आलेला. कड्याच्या धारेवर निळा शैलकस्तूर बसलेला असतो. आणि ओढ्याच्या काठच्या उंबरावर फळे पिकली असली, की हरियालांचा थवा. हे पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. ते पानांत असे मिसळते की थवा उडेपर्यंत झाडावर कोणी आहे याचा पत्ता लागत नाही.

गौताळ्यात एक ओढा आहे, चंदन नाला. इथे चंदन आपोआप वाढते. आपोआप हा शब्द आपण किती सहज वापरतो! चंदनाचे काळे-जांभळे फळ बुलबुल, कोकीळ, तांबट खातात आणि बी दूर टाकतात. उंबर, वड, पिंपळ यांचेही तसेच. रानात जे आपोआप उगवते ते पुष्कळदा पाखराने पेरलेले असते. म्हणजे रानामुळे पक्षी आहेत हे जितके खरे, तितकेच पक्ष्यांमुळे रान आहे हेही खरे.

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. या रानातले सर्वांत मोलाचे झाड कोणते, असे विचारले तर आम्ही चंदन म्हणणार नाही, सागही म्हणणार नाही. आम्ही म्हणू, वठलेले झाड. शेंडा वाळलेला, खोडाला पोकळी पडलेली, साल सुटलेली अशी जी झाडे, ज्यांना पाहून व्यवहारी माणूस म्हणतो की हे आता सरपणाला काढावे, ती. कारण सुतार त्या लाकडातले भुंग्यांचे किडे खातो आणि खोडात बीळ कोरतो. पुढच्या वर्षी ते बीळ टाकून तो दुसरे कोरतो. रिकाम्या बिळात कधी दयाळ येतो, कधी साळुंकी, कधी पोपट, कधी पिंगळा. एका मेलेल्या झाडावर असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

राखी धनेशाचे उदाहरण घ्या. याला मोठी ढोली लागते, आणि मोठी ढोली पडायला झाड जुनेच असावे लागते. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा व मातीने दार आतून लिंपून घेते. एक अरुंद फट तेवढी ठेवते. त्या फटीतून नर तिला उंबराची, वडाची फळे भरवतो. आठवडेच्या आठवडे हा क्रम चालतो. तिचे पंखांचे पिसे या काळात झडून पुन्हा येतात, त्यामुळे मध्येच बाहेर पडायची सोय नाही. त्या नराला काही झाले तर आतल्या संसाराची धडगत नाही. बंधूंनो, ही पुस्तकी गोष्ट नव्हे. आपण या मंडपात बसलो आहोत, आणि याच चैत्र-वैशाखाच्या दिवसांत या डोंगरांतल्या कुठल्या तरी ढोलीत धनेशाची मादी अशी कोंडून घेऊन बसलेली असेल. तिचा सगळा भरवसा दोन गोष्टींवर आहे: नर परत येईल आणि झाड उभे राहील. पहिली गोष्ट त्यांच्या हाती आहे, दुसरी आपल्या.

आणि इथेच आपले काहीतरी चुकते आहे. वेरूळच्या एका खांबावर कोणी नाव कोरले तर आपल्याला संताप येतो, आणि यावाही. प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी 1958 चा कायदा आहे. दगड जुना झाला की त्याचे मोल वाढते, हे आपल्याला पटले आहे. झाड जुने झाले की मात्र आपण त्याला निकामी म्हणतो. अभयारण्याच्या हद्दीत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने झाडाला आधार मिळाला. पण हद्दीबाहेर, बांधावर, रस्त्याच्या कडेला, मठ-मशिदींच्या आवारात जे वड, पिंपळ, चिंचा, कडुनिंब उभे आहेत त्यांचे काय? पाखराला हद्द कळत नाही. धनेश ढोलीसाठी रानात असेल, पण फळे खायला तो गावच्या वडावर येतो. रस्ता रुंद करायचा निघाला की पहिला घाव या वडांवर पडतो. मग आपले समाधान करण्यासाठी सांगतात, एका झाडाच्या बदल्यात इतकी रोपे लावू.

रोपे लावण्याला आमचा विरोध नाही. अवश्य लावावीत आणि जगवावीत. पण अदलाबदल म्हणून हा सौदा खरा नाही. शंभर वर्षांच्या वडाच्या जागी दहा रोपे लावली, तर त्या दहांतले एखादे शंभर वर्षांनी वड होईल. तोवरच्या शंभर वर्षांत हरियालाने काय खावे? पैशाने रोप विकत घेता येते, पण वय विकत घेता येत नाही. जुने रान लावता येत नाही, ते नुसते राखता येते. एवढे एक वाक्य जरी आपण आज घरी घेऊन गेलात तरी आमचे बोलणे कारणी लागले.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. डोंगराखालच्या बाईला चुलीसाठी काटक्या लागतात, गुराख्याला चारा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडी माळाला जो वणवा लावतात तो नवे गवत लवकर फुटावे या समजुतीने. ही माणसे रानाची वैरी नाहीत. रानाचा पहिला दुष्काळ त्यांच्याच दारात येतो. पण जळणाऱ्या गवतात तित्तिर-लाव्यांचा आसरा आणि चंडोलाची घरटी जातात, रोपे जातात, आणि उघडी माती पहिल्या पावसात वाहून जाते. म्हणून उपदेशापेक्षा सोय करणे बरे. गवत जाळण्यापेक्षा कापून नेण्याची रीतसर मुभा, पडलेल्या काटक्या घ्याव्यात पण उभे वठलेले झाड तोडू नये असा गावाचा ठराव, आणि वणवा दिसताच धावणाऱ्या तरुणांची टोळी. यांतले काहीही फार खर्चाचे नाही.

कोणाला वाटेल, पाखरे काय, आज आहेत तशी उद्याही राहतील. त्यांच्यासाठी गिधाडांची हकिकत सांगतो. कैलास लेण्यात रावणाशी झुंजणारा जटायू कोरलेला आहे. ज्यांनी तो कोरला त्यांनी दख्खनच्या या कड्यांवर गिधाडे रोज घिरट्या घालताना पाहिली असतील. आमच्या पिढीतल्या थोरांनीही पाहिली. मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की काही तासांत ती त्याचा फडशा पाडीत. 1990 नंतर ती झपाट्याने नाहीशी झाली; देशातल्या प्रमुख जातींतली 95 टक्क्यांहून अधिक गिधाडे गेली. कारण कळायला 2004 साल उजाडले. गुरांना दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करी. 2006 साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोपर्यंत आकाश रिकामे झाले होते. लक्षात घ्या, गिधाडे मरावीत असे कोणाच्याही मनात नव्हते. कोणी बंदूक उचलली नाही. शेतकऱ्याने आपल्या बैलाचे दुखणे थांबवण्यासाठी दयेने औषध दिले. वाईट हेतू नसतानाही केवढा नाश होऊ शकतो याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला माहीत नाही. त्यावर उतारा एकच, लक्ष ठेवणे. जी वस्तू कोणी मोजीत नाही ती गेल्याचेही कोणाला कळत नाही.

म्हणून पक्षी पाहणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असे मानू नका. तो एक प्रकारचा पहारा आहे, आणि या पहाऱ्याला फार भांडवल लागत नाही. पहाटे निघावे. भडक कपडे घालू नयेत. मोठ्याने बोलू नये. रानात गाणी वाजवण्याची हौस घरीच ठेवावी. यंत्रावर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हा तर सरळ दगा आहे. कोणी वैरी आला समजून तो जीव विनाकारण शीण करून घेतो. घरट्याच्या फार जवळ जाऊ नये, छायाचित्रासाठी फांद्या दूर करू नयेत. वहीत तारीख, जागा, वेळ, पक्षी आणि तो काय करीत होता हे लिहावे. नाव ठाऊक नसेल तर रंग, आकार, चोच लिहावी. नाव पुढे सापडते. पहिला थिरथिरा गावात कोणत्या दिवशी आला, शेवटचा कधी दिसला, एवढे जरी शाळेतल्या मुलांनी दहा वर्षे ओळीने लिहिले, तरी त्या वहीला शास्त्रज्ञही मान देतील.

आणि प्रत्येक गावाने एक यादी करावी: आपल्या शिवारातल्या जुन्या झाडांची. कोणते झाड, कोठे, घेर किती, ढोली आहे का, तीत कोण राहते. घरपट्टीची नोंद जशी ग्रामपंचायतीच्या दप्तरात असते तशी ही नोंद तिथे असावी. नोंद असली की झाड तोडताना निदान कोणाला तरी विचारावे लागेल.

निराश होण्याचे कारण नाही. 2021 साली विदर्भातल्या टिपेश्वरच्या रानातून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत गौताळ्यात पोचला, आणि कॅमेऱ्यांनी त्याची नोंद केली. कित्येक दशकांनी त्या रानात वाघ दिसला. शेते, रस्ते, गावे ओलांडून तो आला, कारण त्याला चालत येण्याजोगे झाडझाडोऱ्याचे तुटक का होईना पण धागे अजून शिल्लक होते. आणि खाली खानदेशात, शहाद्याजवळ, 1997 साली रानपिंगळा पुन्हा सापडला. 1884 नंतर त्याची एकही खात्रीची नोंद नव्हती; शास्त्रज्ञांनी तो गेला असे जवळजवळ धरूनच चालले होते. तो 113 वर्षे तिथेच होता, कारण त्याच्या ढोलीची झाडे तिथे होती. रान राहिले तर आपण गमावले असे समजतो तेही कधी परत हाती लागते. रान गेले तर मात्र हातचेही जाते.

यंदा हस्ताचा पाऊस सरला, की पाहुण्यांची पहिली खेप येईल. धोबी, थिरथिरा, भोरड्या आणि वटवटे. त्यांना आमंत्रण धाडावे लागत नाही, पत्ता त्यांना पाठ असतो. त्या पत्त्यावर घर जागच्या जागी असावे, एवढेच आपले यजमानपण. अंथरूण-पांघरूण त्यांचे ते आणतात. जेवणाचाही भार आपल्यावर नाही. जुने झाड जुन्या जागी उभे राहू द्यावे, माळावर गवत असू द्यावे, डोहात पाणी असू द्यावे.

ज्यांना येता येईल त्यांनी मार्गशीर्षातल्या एखाद्या पहाटे आमच्याबरोबर अवश्य यावे. दुर्बीण नसली तरी चालेल. भाकरी मात्र आपापली आणावी.